मुलं आलेख काढतात, पण वाचत नाहीत: चौथी-पाचवीच्या वर्गात काय करावं?

प्रश्न असा आहे: "जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. चित्रालेखानंतर मी मुलांना साधे स्तंभ काढायलाही शिकवले. पट्टी धरून छान काढतात, रंगवतात. 'सगळ्यात जास्त काय?' विचारलं की पटकन सांगतात. पण 'पेरूपेक्षा आंबा किती जास्त मुलांना आवडतो?' म्हटलं की गप्प बसतात, नाहीतर आंब्याचाच आकडा सांगतात. कोऱ्या पानावर नवा आलेख काढायला दिला तर उभ्या रेषेवर मनाला येतील ते आकडे लिहितात. सुरुवात कुठून करू?"

ताई, पट्टी, पेन्सिल आणि रंगांचं काम तुमच्या मुलांना जमतंय. त्या स्तंभाची उंची म्हणजे आपल्याच वर्गातली मुलं आहेत, हे अजून त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. अनेक वर्षं हे शिकवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आलेखाची सुरुवात अशा प्रश्नापासून करावी, ज्याचं उत्तर वर्गात कोणालाच ठाऊक नाही, शिक्षकालाही नाही. आणि काढायला जितका वेळ देतो त्याच्या दुप्पट वेळ त्याबद्दल बोलायला द्यावा.

पुस्तकातलं आवडत्या फळांचं तयार कोष्टक घेतलं की मुलाला त्यात शोधायला काही उरत नाही. आकडे तर कोष्टकात आधीच लिहिलेले आहेत. ते पुन्हा स्तंभात का मांडायचे? मूल विचारत नाही, पण अडतं तिथेच. म्हणून प्रश्न असा घ्या, ज्याच्या उत्तरावर काहीतरी ठरणार आहे. शाळेत परसबाग असेल तर "या वेळी एका वाफ्यात कोणती भाजी लावायची?" हा उत्तम प्रश्न आहे. मेथी, भेंडी, पालक, वांगी, कारलं असे पाच पर्याय ठेवा. लगेच वाद सुरू होतील. "मला दोन आवडतात, दोन्हीला हात वर करू?" "गवार का नाही घेतली?" हे वाद थांबवू नका. एका मुलाचं एकच मत, पर्याय आधी ठरवायचे, आणि यादीत नसलेल्या आवडीचं काय करायचं, हे नियम मुलांनीच ठरवले की पुढे आलेखातल्या आकड्यांची बेरीज वर्गातल्या हजर मुलांइतकी का यायला हवी, हे वेगळं समजावावं लागत नाही. बेरीज जुळली नाही की मुलं स्वतःच शोधतात, कोणी दोनदा मत दिलं ते.

मतं मोजताना ताळ्याच्या खुणा वापरा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. त्यावर फार वेळ घालवू नका, मुलांना ते एका दिवसात येतं.

आता वही उघडण्याआधी पटांगणात चला. फरश्या असतील तर उत्तम, नसतील तर खडूने सारख्या आकाराचे चौकोन आखा आणि खाली एक सरळ रेघ मारा. प्रत्येक भाजीची एक रांग, एका चौकोनात एकच मूल, आणि सगळ्या रांगा त्या खालच्या रेघेपासूनच सुरू. समजा 21 मुलं हजर आहेत: मेथीच्या रांगेत 9, भेंडीच्या 6, पालकाच्या 4, वांग्याच्या 2, आणि कारल्याच्या रांगेत कोणीच नाही. रिकामी रांग तशीच आखलेली ठेवा. "कारलं आलेखात दाखवायचं का?" हा प्रश्न इथे विचारला की शून्य म्हणजेही माहितीच, हे मुलं उघड्या डोळ्यांनी बघतात.

चौकोन आखल्याशिवाय रांगा करून बघायला लावा, तेही उपयोगाचं आहे. वांग्याची दोन मुलं हात पसरून लांब उभी राहिली की तीच रांग पालकाच्या चार जणांइतकी दिसते. लहान मुलं रांग लांब दिसली की तिथे जास्त वस्तू आहेत असं मानतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने दाखवून दिलं होतं. चौथीच्या मुलाला मोजून कळतं, पण आलेख बघताना डोळा तरीही लांबीकडेच जातो. याच कारणासाठी खऱ्या भाज्या किंवा फळं मांडून आलेख करायला मी सांगत नाही. चार वांग्यांची रांग सहा लिंबांपेक्षा लांब भरते. वस्तू मांडायच्या तर सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. रिकाम्या काडेपेट्या त्यासाठी फार चांगल्या. गावातून सहज जमतात, एकावर एक नीट बसतात आणि प्रत्येक पेटीवर मुलाला स्वतःचं नाव लिहून चिकटवता येतं.

पटांगणातून वर्गात आलात की हाच आलेख काडेपेट्यांनी भिंतीलगत उभा करा. मग चौकटीच्या वहीत, एका मुलासाठी एक चौकोन रंगवून. मग सुट्या चौकोनांमधल्या रेघा न काढता सलग स्तंभ. प्रत्येक टप्प्यावर मुलांना विचारा, "आधी होतं आणि आता दिसत नाही, असं काय?" पटांगणात प्रत्यक्ष मूल होतं, पेटीवर नाव राहिलं, वहीत नावही गेलं, स्तंभात सुटा चौकोनही गेला आणि फक्त उंची उरली. मोठ्यांना स्तंभ बघायची इतकी सवय असते की यातलं किती काय पुसलं गेलंय ते लक्षात येत नाही. तुमची मुलं बहुधा एकदम शेवटच्या टप्प्यावर आली आहेत. त्यांना चार पावलं मागे न्या. पाचवीच्या मुलांनाही न्या, त्यांना कमीपणा वाटत नाही, उलट पटांगणात जायला ती एका पायावर तयार असतात.

"किती जास्त" याबद्दल तुम्ही विचारलंत. मूल "9" असं उत्तर देतं, कारण "किती" आणि "जास्त" हे दोन शब्द ऐकून ते जास्त असलेल्याची संख्या सांगतं. त्याच्या परीने त्याने प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. इथे लगेच वजाबाकी सांगितली तर मूल फक्त "जास्त आलं की वजा करायचं" एवढं पाठ करतं. त्याऐवजी काडेपेट्यांचे दोन मनोरे शेजारी ठेवा आणि प्रश्न बदला: "भेंडीच्या मनोऱ्यावर अजून किती पेट्या ठेवल्या की दोन्ही सारखे होतील?" या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक मूल उत्तर देतं, कारण ते हाताने करून बघता येतं. तीन पेट्या ठेवून झाल्या की म्हणा, "म्हणजे मेथी भेंडीपेक्षा तीनने जास्त." मग उलटं विचारा, "भेंडी मेथीपेक्षा किती कमी?" उत्तर तेच येतं याचं काही मुलांना मनापासून आश्चर्य वाटतं, त्यावर थोडं थांबा. वहीतल्या आलेखात हेच करताना भेंडीच्या स्तंभाच्या टोकावर पट्टी आडवी धरायची आणि मेथीचा पट्टीच्या वर राहिलेला भाग मोजायचा. वजाबाकीचं चिन्ह त्यानंतर फळ्यावर येऊ द्या.

आता उभ्या रेषेवरचे आकडे. सगळ्यात जास्त मुलं इथे अडखळतात, म्हणून याला सवडीने वेळ द्या. चौकटीच्या वहीत मुलं सुरुवातीला आकडे चौकोनाच्या शेजारी लिहितात: पहिल्या चौकोनाजवळ 1, दुसऱ्याजवळ 2. ते बरोबरच आहे, कारण ती चौकोन मोजत असतात. स्तंभालेखात मात्र आकडे रेषांवर लिहिले जातात आणि सगळ्यात खालच्या रेषेवर 0 असतो. हा बदल आपण सांगत नाही, पुस्तकातही नकळत होऊन जातो, आणि मूल गोंधळतं. चौकोनाशेजारी लिहिलेला 3 म्हणजे "हा तिसरा चौकोन". रेषेवर लिहिलेला 3 म्हणजे "इथपर्यंत तीन चौकोन पूर्ण झाले". कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून आधी चौकोनाजवळ ठेवा आणि मग मुलांच्या हातांनीच प्रत्येक चिठ्ठी अर्धा चौकोन वर सरकवून रेषेवर आणा. खाली एक जागा रिकामी राहते. "तिथे काय लिहायचं? तिथपर्यंत किती चौकोन झाले?" शून्य मुलांकडूनच येतो. फूटपट्टीने लांबी मोजताना जी मुलं 1 पासून सुरुवात करतात, तीच मुलं आलेखातही 1 खालच्या रेषेवर लिहितात. दोन्ही चुका एकदम सुधारता येतात.

मनाला येतील ते आकडे लिहिणारं मूल बहुतेक वेळा मनाला येतील ते लिहीत नसतं. नीट पाहिलंत तर त्याने सारख्या अंतरावर 9, 6, 4, 2 असे मिळालेलेच आकडे लिहिलेले दिसतील. उभी रेषा म्हणजे उत्तरं लिहायची जागा, असा त्याचा समज आहे. अशा वेळी आधी आलेखाची रिकामी चौकट तयार करून घ्या, माहिती अजून द्यायचीच नाही. "वर्गात 21 मुलं आहेत, कोणाला किती मतं मिळतील माहीत नाही, तर उभ्या रेषेवर कुठपर्यंत आकडे लागतील?" माहिती नसतानाच रेषा आखावी लागली की ती मापपट्टीसारखी सारख्या अंतराची करण्यावाचून गत्यंतर नसतं. एकाच माहितीचे दोन आलेख फळ्यावर काढून, एक बरोबर आणि एक असा चुकीचा, "दोन्हींत मेथी भेंडीच्या किती वर दिसते?" असं विचारून मुलांना भांडू देणंही फार उपयोगी पडतं. चूक फळ्यावरची असते, कोणा मुलाची नसते, त्यामुळे सगळी मोकळेपणाने बोलतात.

प्रमाण म्हणजे एका चौकोनाला किती, हे शिकवायची घाई करू नका. गरज पडू द्या. संपूर्ण शाळेचा इयत्तावार पट मांडायला द्या. समजा पहिली 24, दुसरी 18, तिसरी 30, चौथी 22. वहीच्या पानावर चौकोन पुरेनासे झाले की कोणीतरी म्हणतंच, "बाई, एका चौकोनात दोन मुलं बसवूया का?" तिथून प्रमाण सुरू होतं. पहिल्यांदा 1 चौकोन = 2 मुलंच घ्या. मग 5, आणि पाचवीत 10. एकदम 10 वर उडी मारली की 24 चा स्तंभ कुठे थांबवायचा हे अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाजाची सवय अजून लागलेली नसते. 2 च्या प्रमाणात मात्र 7 ची उंची चौकोनाच्या बरोबर मध्यावर येते.

चित्रालेखातही हेच. अर्धं चित्र काढावं लागणार असेल तर चित्र असं निवडा की जे अर्धं केलेलं शोभतं. भाकरी चालते, आंबा चालतो. माणसाचं चित्र अर्धं कापायला मुलं तयार होत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. सगळी चित्रं एकाच मापाची हवीत, म्हणून हाताने काढण्याऐवजी बटाट्याच्या ठशाने उमटवून घ्या. आणि कोणताही चित्रालेख वाचताना पहिलं बोट प्रमाणावर, ही सवय लावा. "1 चित्र = 5 मुलं" हे न वाचता चित्रं मोजून उत्तर लिहिणारी मुलं परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच गमावतात.

आता वाचण्याबद्दल. अमेरिकेतल्या गणितशिक्षणाच्या संशोधक फ्रान्सिस कर्सिओ यांनी 1987 साली आलेखवाचनाचे तीन स्तर मांडले: आलेखात लिहिलेलं वाचणं, आलेखातल्या गोष्टींची एकमेकींशी तुलना करणं, आणि आलेखापलीकडचं सांगणं. आपल्याकडचे बहुतेक प्रश्न पहिल्या स्तरावर असतात, थोडे दुसऱ्यावर. तिसऱ्या स्तरासाठी कठीण आलेख लागत नाही, प्रश्न वेगळा लागतो. परसबागेच्या त्याच आलेखावर विचारा: "आज तिघे गैरहजर आहेत. उद्या ते आले तर मेथीचा पहिला नंबर जाऊ शकेल का?" मुलं विचार करायला लागतात. तिघांनीही भेंडीला मत दिलं तर 9 आणि 9, बरोबरी होईल, पण भेंडी पुढे जाणार नाही. पालक तर कशीच गाठू शकत नाही, 4 चे फार तर 7 होतील. मघाशी "किती जास्त"ला गप्प बसलेलं मूलही इथे बोलतं, कारण आता त्या फरकावर काहीतरी अवलंबून आहे.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येक आलेखावर विचारते: "हा आलेख काय सांगत नाही?" मेथी का आवडते, ते आलेखात नाही. मेथी आपल्या मातीत चांगली येईल का, तेही नाही. कारलं वाईट भाजी आहे, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. या वर्गातल्या कोणाचीही पहिली पसंती कारल्याला नाही, एवढंच त्यात आहे. दहा वर्षांच्या मुलांना हा फरक कळतो. पुढे वर्तमानपत्रातले निवडणुकीचे आलेख बघताना त्यांना तो लागणारच आहे.

चौथी-पाचवीत एक सूक्ष्म गोंधळ हमखास येतो, तो आधीच ओळखून ठेवा. "तुमच्या नावात किती अक्षरं?" अशी माहिती घ्या. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे श्रद्धा दोन अक्षरी आणि ओंकार तीन अक्षरी. काही मुलं प्रत्येक नावासाठी एक स्तंभ काढतील: श्रद्धा 2, ओंकार 3, असे 21 स्तंभ. तो चुकीचा आलेख नाही, पण तो प्रत्येकाची वेगळी माहिती दाखवतो. "आपल्या वर्गात किती अक्षरी नावं सर्वांत जास्त?" याचं उत्तर त्यात दिसत नाही. त्यासाठी आडव्या रेषेवर 2, 3, 4 असे अक्षरांचे आकडे येतात आणि उभ्या रेषेवर मुलांचे. समजा दोन अक्षरी 7, तीन अक्षरी 11, चार अक्षरी 3. आता "4" च्या वर उभा असलेला स्तंभ 3 उंच आहे. दोन्हीकडे आकडेच, त्यामुळे मुलं म्हणतात, "तिघांच्या नावात की चौघांच्या?" रेषांना नावं द्यायची गरज त्यांना इथे खऱ्या अर्थाने पटते: खाली "नावातली अक्षरं", बाजूला "मुलांची संख्या". आधी पहिला आलेख आणि मग दुसरा, दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावा.

रेषालेख प्राथमिकला घ्यावा का, असं पुष्कळ शिक्षक विचारतात. भाज्यांच्या स्तंभांची टोकं जोडून नागमोडी रेघ काढलेली मी वह्यांमध्ये पाहिली आहे. मेथी आणि भेंडी यांच्या मधे काहीच नसतं, त्यामुळे त्या रेघेला अर्थ नाही. स्तंभालेखाचा उगमही इथे सांगण्यासारखा आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याने 1786 च्या आपल्या पुस्तकात व्यापाराचे आलेख रेषांनीच काढले होते. स्कॉटलंडची मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाची आकडेवारी होती, काळानुसार रेघ ओढता येईना, म्हणून त्याने 17 देशांबरोबरचा व्यापार आडव्या स्तंभांनी दाखवला. वर्षं जोडता येतात, देश जोडता येत नाहीत. पाचवीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आवडीने ऐकतात.

काळाचा आलेख करायचाच असेल तर मूग पेरा. रोज ठरलेल्या वेळी रोपाशेजारी कागदाची पट्टी उभी धरायची, रोपाच्या उंचीवर कापायची आणि तारीख लिहून एका सरळ रेषेवर ओळीने चिकटवायची. आठवड्याभरात आलेख आपोआप तयार होतो, कोणी काढलेलाच नसतो. रविवारची पट्टी नसेल, तिची जागा रिकामी ठेवा आणि विचारा, "रविवारी रोप साधारण केवढं असेल?" इथे टोकं जोडायला अर्थ आहे, कारण रविवारीही रोप वाढतच होतं. जून-जुलैमध्ये पाऊसही असाच घेता येतो. सरळ भिंतींचं, तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचं भांडं उघड्यावर ठेवा आणि साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला आधीच्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद करतं. तुमची शाळा तेव्हा भरलेली नसेल तर तुमची ठरलेली वेळ घ्या, फक्त रोज तीच. भांड्यातलं पाणी म्हणजे उभा स्तंभच, वहीत तो तेवढाच उतरवायचा.

विषय निवडताना एक काळजी मात्र घ्याच. घरात मोबाइल किती, वडील काय करतात, कोणाचं वजन किती, असले प्रश्न घेऊ नका. भिंतीवरच्या आलेखात एखादं मूल एकटं, उघडं पडतं. ऊसतोडीला जाऊन आलेल्या मुलाला "दिवाळीत कुठे गेला होतात" हा प्रश्नही टोचू शकतो. भाजी, पाऊस, नावातली अक्षरं, शाळेच्या आवारात येणारे पक्षी, असे प्रश्न पुष्कळ आहेत.

जोडवर्गाचा तुम्हाला फायदाच होईल. माहिती एकच गोळा करा. चौथीची मुलं तिचा काडेपेट्यांचा आणि चौकोनांचा आलेख करतील, पाचवीची 2 च्या प्रमाणात स्तंभ काढतील, आणि मग एका गटाने दुसऱ्याला प्रश्न विचारायचे. बालभारतीच्या सहावीच्या गणितात स्तंभालेखाचं प्रकरण आहे, सातवीत जोडस्तंभालेख, म्हणजे शेजारी शेजारी दोन-दोन स्तंभांचा आलेख, येतो, त्यामुळे पाचवीत काटेकोर आखणीचा आग्रह धरायचं काही कारण नाही. रोजच्या हजेरी फलकावरचे आकडेही वाया घालवू नका. परिपाठात एका मुलाने त्या दिवशीच्या हजेरीचा स्तंभ भिंतीवरच्या लांब पट्टीवर वाढवायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी स्तंभ खाली येत असेल तर ते मुलांच्या लक्षात येऊ द्या, तुम्ही आधी सांगू नका.

तपासताना रंगकामाला गुण ठेवू नका. प्रत्येक आलेखाखाली मुलाने दोन वाक्यं लिहायची: आलेखातून कळणारी एक गोष्ट आणि त्यातून न कळणारी एक गोष्ट. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा शीर्षक नसलेला, रेषांना नावं नसलेला आलेख फळ्यावर काढा. तीन स्तंभ, 12, 3 आणि 7, बस. "हा कशाचा असेल?" असं विचारा. एखादं मूल म्हणेल, चालत, सायकलने आणि एसटीने येणारी मुलं. दुसरं म्हणेल, कोंबड्या, गाई आणि शेळ्या. मग त्यांनीच सांगितलेल्या गोष्टीवर त्यांनाच "किती जास्त" विचारा, आणि पेरू-आंब्याच्या वेळी गप्प बसलेल्या मुलांना या वेळी आधी बोलू द्या.